मुष्टियोद्धा ज्यो लुई : थोर कोण, या वादाच्या निमित्ताने



एके दिवशी मधल्या सुट्टीत नववीच्या वर्गाबाहेर मुलांचे दोन तट पडलेले मी पाहिले. एका तटाचे म्हणणे, महम्मद अलीसारखा मुष्टियोद्धा जगात झाला नाही व पुढे होणार नाही. दुसऱ्या तटाचे म्हणणे, माईक टायसनच्या ठोशापुढे अलीची नाचरी पावले दोन फेऱ्याही टिकली नसती. मधेच एका चुणचुणीत मुलाने रॉकी मार्सियानोचे नाव काढले. मार्सियानो ४९ लढती लढला आणि एकही हरला नाही, मग तोच सर्वांत मोठा कसा नाही, असा त्याचा बिनतोड सवाल होता. वाद हातघाईवर येण्याच्या बेतात असतानाच घंटा झाली. वर्गात गेल्यावर मुलांनी तो खटला माझ्यापुढे मांडला आणि निकाल मी द्यावा असा हट्ट धरला.

मी निकाल दिला नाही. ज्यो लुई हे नाव कोणी ऐकले आहे काय, एवढेच विचारले. एकही हात वर आला नाही. त्या दिवशी तासाची दहा मिनिटे खर्चून मी मुलांना जे सांगितले, तेच आज जरा विस्ताराने आपणांपुढे ठेवीत आहे.

वाचकहो, थोर कोण हा वाद काही आजचा नाही. आपल्या तालमींतून वयस्क वस्ताद जुन्या-नव्या पैलवानांची तुलना करीत बसतात, तसेच अमेरिकेत हेवीवेट विजेत्यांबद्दल शंभर वर्षांहून अधिक काळ चालले आहे. हेवीवेट म्हणजे मुष्टियुद्धातील सर्वांत वरचा वजनगट. या गटाच्या जगज्जेत्याला एके काळी राजासारखा मान असे. निरनिराळ्या काळांत होऊन गेलेले हे वीर एकमेकांशी लढणार कसे, ही खरी अडचण. १९६७ साली एका अमेरिकन गृहस्थाने त्यावर एक तोड काढली. जुन्या-नव्या विजेत्यांची माहिती संगणकात भरून त्याने काल्पनिक लढती लावल्या व त्या रेडिओवरून ऐकवल्या. त्यांत मार्सियानो पहिला ठरला आणि अली मधेच बाद झाला. अलीने चिडून दावा लावला. पुढे १९६९ साली अली आणि निवृत्त मार्सियानो यांना समोरासमोर उभे करून लुटुपुटीची लढत चित्रित केली गेली. निरनिराळे शेवट चित्रित करून ठेवले होते. १९७० च्या जानेवारीत चित्रपट झळकला, तेव्हा अमेरिकेतील प्रेक्षकांना मार्सियानो जिंकलेला दिसला. पण तो पाहायला मार्सियानो स्वतः राहिला नव्हता. ३१ ऑगस्ट १९६९ रोजी विमान अपघातात त्याचा अंत झाला होता. एवढा खटाटोप झाला, पण वाद मिटला नाही तो नाहीच.

तेव्हा मी निकाल देण्याच्या फंदात पडत नाही. पण ज्याचे नाव घेतल्यावाचून हा वाद पुराच होत नाही, त्या ज्यो लुईचे चरित्र आपण पाहू या. ते पाहिल्यावर मूळ प्रश्न थोडा निराळ्या रीतीने विचारावासा वाटतो की नाही, हे आपणच ठरवा.

ज्योसेफ लुई बॅरो याचा जन्म १३ मे १९१४ रोजी अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यात, लफायेट गावाजवळ झाला. आठ भावंडांत तो सातवा. त्याचे पूर्वज गुलाम होते. आईबाप दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवीत. ज्यो दोनएक वर्षांचा असतानाच बापाचे मानसिक संतुलन बिघडले व त्याला इस्पितळात नेऊन ठेवावे लागले. पुढे तो वारला असे घरच्यांना कळले, म्हणून आई लिली हिने पॅट ब्रूक्स नावाच्या विधुराशी लग्न केले. त्यालाही मुलेबाळे होती. वास्तविक ज्योचा बाप त्यानंतरही बरीच वर्षे त्या इस्पितळात जिवंत होता. गरिबाच्या घरी साधी खबरसुद्धा धड पोहोचत नाही, ती अशी.

दक्षिणेत त्या काळी गोऱ्यांच्या गुप्त टोळ्या काळ्या लोकांवर दहशत बसवीत. तो जाच आणि पोटाची भ्रांत या दोहोंना कंटाळून १९२६ साली हे कुटुंब उत्तरेकडे, मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या डेट्रॉइट शहरी आले. खेड्यात शाळा नावापुरतीच झालेली. त्यामुळे बारा वर्षांच्या या थोराड मुलाला शहरातील शाळेत लहान मुलांच्या वर्गात बसवण्यात आले. तो मुळातच अबोल. अभ्यासात मागे. पुढे त्याला सुतारकाम शिकविणाऱ्या धंदेशिक्षणाच्या शाळेत घातले.

लवकरच जागतिक मंदी आली. कारखाने बंद पडू लागले, सावत्र बापाचे काम गेले आणि कुटुंबावर सरकारी मदतीचे पैसे घेण्याची पाळी आली. पालकहो, येथे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पुढे ठोशांच्या बळावर चार पैसे हाती येताच ज्यो लुईने पहिल्या प्रथम जी कामे केली, त्यांत हे मदतीचे पैसे हिशेब करून सरकारला परत केले. ते परत मागायला कोणी आले नव्हते.

त्याच्या आईला वाटे, मुलाने सारंगीसारखे व्हायोलिन शिकावे. पोटाला चिमटा घेऊन ती शिकवणीसाठी आठवड्याला ५० सेंट देई. मुलगा मात्र एका मित्राच्या नादाने ते पैसे घेऊन व्यायामशाळेत जाऊ लागला. व्हायोलिनच्या पेटीत मुष्टियुद्धाचे हातमोजे लपवून नेल्याची गोष्ट तर अमेरिकेत मुलामुलांना ठाऊक आहे. चोरी उघडकीस आली तेव्हा आईने त्याला मारले नाही. करायचेच असेल तर मन लावून कर, अशी तिने मुभा दिली.

१९३२ साली तो पहिली हौशी लढत लढला. समोर जॉनी मायलर नावाचा कसलेला खेळाडू होता. त्या लढतीत ज्यो एकदा नव्हे, अनेकदा जमिनीवर लोळला आणि हरला. शरमेने त्याने खेळ सोडला व काही महिने फोर्ड कारखान्यात जड ढकलकाम केले. पण मन लागेना. तो पुन्हा व्यायामशाळेत परतला. दोन वर्षांनी, १९३४ साली, तोच मुलगा आपल्या गटात अमेरिकेचा हौशी विजेता ठरला. त्याच वर्षी ४ जुलै रोजी शिकागो येथे त्याने धंदेवाईक मुष्टियोद्धा म्हणून पहिली लढत पहिल्याच फेरीत जिंकली. बॅरो हे आडनाव मागे पडले आणि ज्यो लुई हे नाव पुढे आले.

येथे कथा थोडी थांबवून एका जुन्या विजेत्याची ओळख करून दिली पाहिजे. त्यावाचून लुईचे पुढचे वागणे समजणार नाही.

त्याचे नाव जॅक जॉन्सन. २६ डिसेंबर १९०८ रोजी ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे टॉमी बर्न्सला हरवून तो पहिला काळा हेवीवेट जगज्जेता झाला. गोऱ्या अमेरिकेला हे सहन झाले नाही. निवृत्त विजेता जेम्स जेफ्रिज याला पुन्हा बाहेर काढून ४ जुलै १९१० रोजी त्याच्यासमोर उभे केले. जॉन्सनने त्यालाही पराभूत केले. त्या रात्री अनेक शहरांत दंगली उसळल्या आणि माणसे मेली. जॉन्सन दबणाऱ्यांतला नव्हता. तो पडलेल्या प्रतिस्पर्ध्याला हसे, वेगाने मोटारी उडवी, गोऱ्या स्त्रियांशी त्याने विवाह केले. अखेर एका कायद्याचा आधार घेऊन १९१३ साली त्याला दोषी ठरवले गेले. तो देश सोडून पळाला, १९१५ साली हवाना येथे जेस विलार्डशी हरला आणि पुढे परत येऊन त्याने तुरुंगवास भोगला. तो खटला वर्णद्वेषातून झाला होता हे मान्य करून अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्याला माफी दिली, ती २०१८ साली. तोवर त्याला मरूनही जवळजवळ ७२ वर्षे लोटली होती.

पण शिक्षा एकट्या जॉन्सनला झाली नाही. १९१५ नंतर बावीस वर्षे कोणाही काळ्या खेळाडूला हेवीवेट जगज्जेतेपदासाठी लढू दिले गेले नाही. हॅरी विल्ससारखा तोलामोलाचा खेळाडू आव्हान देत देत म्हातारा झाला. एका माणसाच्या वागण्याचा ठपका साऱ्या समाजावर ठेवला गेला. एकाची चूक ती सर्वांची चूक, आणि एकाचे कर्तृत्व मात्र अपवाद, हा न्याय कसा असतो, ते आपल्यापैकी पुष्कळांना समजावून सांगण्याची गरज नाही.

लुईचा व्यवस्थापक जॉन रॉक्सबरो हा स्वतः काळा होता व जाणता होता. त्याने लुईला वागणुकीचे नियमच घालून दिले. हरलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर आनंद दाखवायचा नाही. गोऱ्या स्त्रीबरोबर छायाचित्र काढू द्यायचे नाही. कोणाची निंदा करायची नाही. लढत ठरवून हरायची वा जिंकायची नाही. वीस वर्षांच्या तरुणाने प्रतिस्पर्ध्याला आडवे करावे, साठ हजार लोकांनी टाळ्या पिटाव्यात आणि त्याने चेहऱ्यावरची रेषाही हलू न देता आपल्या कोपऱ्यात जाऊन उभे राहावे, हे किती कठीण आहे याची कल्पना करा. त्याचा तो निर्विकार चेहरा पाहून काही गोरे वार्ताहर त्याला मठ्ठ समजले. तो मठ्ठ नव्हता. आपण हसलो तर आपल्यामागून येणाऱ्यांचे दार बंद होईल, हे तो जाणत होता.

२५ जून १९३५ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर त्याने माजी जगज्जेता प्रिमो कार्नेरा याला सहाव्या फेरीत गारद केले. कार्नेरा सुमारे २६० पौंड वजनाचा अजस्र इटालियन होता आणि इटली त्या वेळी इथिओपियावर चालून जाण्याच्या तयारीत होती. त्यामुळे या विजयाने काळ्या वस्त्यांत दिवाळी-ईद एकदम साजरी झाली म्हणाना! सप्टेंबरात मॅक्स बेअर हाही माजी जगज्जेता चौथ्या फेरीत कोसळला. वर्तमानपत्रांनी लुईला ‘ब्राऊन बॉम्बर’ हे नाव बहाल केले. आता तो कधी हरेल असे कोणालाच वाटेना. दुर्दैवाने त्याला स्वतःलाही वाटेनासे झाले.

पुढची मोठी लढत होती जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगशी. श्मेलिंग माजी जगज्जेता, पण तिशीला आलेला; सर्वांनी त्याला संपलेला समजले. सरावाच्या दिवसांत लुई गोल्फ खेळत राहिला. श्मेलिंग मात्र लुईच्या लढतींच्या फिती पुनःपुन्हा पाहत होता. डाव्या हाताचा सरळ ठोसा मारल्यावर लुई तो हात परत वर न आणता खाली सोडतो, हे त्याने हेरले. १९ जून १९३६ रोजी त्या एका फटीतून त्याने उजव्या हाताचे ठोसे मारले. चौथ्या फेरीत लुई पडला आणि बाराव्या फेरीत तो उठू शकला नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत माणसे रस्त्यावर उभी राहून रडली. गंमत पाहा, म्हातारा जॅक जॉन्सन याने या लढतीत उघडपणे श्मेलिंगची बाजू घेतली होती. लुईच्या गोटात त्याला थारा मिळाला नव्हता, आणि हा गप्प बसणारा पोरगा त्याच्या मनास येत नव्हता. हे लक्षात ठेवा. त्याचे काम पुढे पडणार आहे.

विद्यार्थी मित्रांनो, नापासाचा शेरा मिळाल्यावर काय करावे हे लुईकडून शिकावे. त्याने पंचाला दोष दिला नाही, नशिबाला दिला नाही. डावा हात खाली येतो ना, मग तो वर राहीपर्यंत सराव करायचा, हा त्याचा साधा हिशेब. दोनच महिन्यांनी तो पुन्हा रिंगणात उतरला आणि जॅक शार्की या माजी जगज्जेत्याला त्याने तिसऱ्या फेरीत गारद केले.

२२ जून १९३७ रोजी शिकागोत जेम्स ब्रॅडॉकशी त्याची जगज्जेतेपदासाठी लढत झाली. त्यासाठी ब्रॅडॉकच्या व्यवस्थापकाला पुढील दहा वर्षांच्या नफ्यातून दहावा हिस्सा कबूल करावा लागला. काळ्या खेळाडूला नुसत्या गुणवत्तेवर दार उघडत नव्हते. पहिल्या फेरीत लुईच खाली पडला. पण आठव्या फेरीत ब्रॅडॉक कोसळला. बावीस वर्षांनी एक काळा माणूस हेवीवेट जगज्जेता झाला. तरीही श्मेलिंगला हरवीपर्यंत आपण खरे विजेते नाही, असेच लुई मानीत राहिला.

ती लढत बरोबर एक वर्षाने, २२ जून १९३८ रोजी यांकी स्टेडियमवर झाली. हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत करून तीन महिने झाले होते. श्मेलिंगच्या आधीच्या विजयाचा नाझींनी आपल्या वंशश्रेष्ठत्वाचा पुरावा म्हणून डांगोरा पिटला होता. ज्या अमेरिकेत लुईला अनेक हॉटेलांत जेवायला बसता आले नसते, ती सारी अमेरिका त्या रात्री त्याच्या बाजूने रेडिओला कान लावून बसली. सत्तर हजारांवर प्रेक्षक स्टेडियममध्ये होते. लढत चालली १२४ सेकंद! श्मेलिंग तीनदा पडला. त्याच्या पाठीच्या कण्याला दुखापत झाली. डावा हात या वेळी खाली आला नाही.

आणि श्मेलिंगचे काय? जगाने त्याला नाझी ठरवले होते. पण तो कधीच नाझी पक्षाचा सभासद झाला नाही. आपल्या ज्यू व्यवस्थापकाला सोडण्याचे त्याने नाकारले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात जर्मनीत ज्यूंवर हल्ले झाले, तेव्हा एका ज्यू मित्राच्या दोन मुलांना त्याने बर्लिनमध्ये आपल्या खोलीवर लपवून वाचवले. पुढे अनेक वर्षे त्याने याची वाच्यताही केली नाही. पाहा, प्रेक्षकांचे दोन तट ज्यांना वैरी समजत होते, त्या दोघांत प्रत्यक्षात वैर नव्हतेच.

लुईने जगज्जेतेपद एकूण २५ वेळा राखले. १९३७ ते १९४९ अशी सलग ११ वर्षे ८ महिने तो जगज्जेता होता. हेवीवेट गटात हे दोन्ही विक्रम आजतागायत कोणी मोडलेले नाहीत. मधे असा काळ आला की तो जवळजवळ दरमहा एका आव्हानवीराशी लढे. त्यांत काही अगदीच सामान्य होते, आणि लुईचे टीकाकार आजही तेच बोट दाखवतात. पण १८ जून १९४१ ची बिली कॉनशी झालेली लढत त्यांनाही मान्य आहे. वजनाने हलका पण चपळ कॉन बारा फेऱ्यांपर्यंत गुणांनी पुढे होता. नुसता सांभाळून खेळला असता तर तो जगज्जेता झाला असता. त्याला मात्र लुईला आडवे पाडूनच जिंकायचे होते. तेराव्या फेरीत तो पुढे सरसावला आणि फेरी संपायला दोन सेकंद उरले असताना स्वतःच गारद झाला.

मग अमेरिका महायुद्धात उतरली. ९ जानेवारी १९४२ च्या लढतीची कमाई लुईने नौदलाच्या मदतनिधीला दिली आणि लगेच तो स्वतः साधा शिपाई म्हणून सैन्यात भरती झाला. मार्चमधील लढतीची कमाई त्याने भूदलाच्या निधीला दिली. त्या काळच्या नौदलात काळ्यांना आचारी-वाढपी याखेरीज फारसे स्थान नव्हते. अशांना पैसे का देतोस, असे त्याला त्याच्याच लोकांनी विचारले. देशात चुका आहेत, पण त्या हिटलर दुरुस्त करणार नाही, असा त्याच्या म्हणण्याचा मतितार्थ होता.

तो सर्वस्वी गप्प होता, असे मात्र समजू नका. कॅन्सस राज्यातील लष्करी तळावर काळ्या जवानांना अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी घेत नव्हते. लुईने आपल्या ओळखीचा उपयोग करून वरपर्यंत तक्रार नेली व ते दार उघडले. ज्यांना त्यातून प्रवेश मिळाला त्यांत जॅकी रॉबिन्सन होता. हाच रॉबिन्सन १९४७ साली अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉल स्पर्धांतील वर्णबंदी मोडणारा खेळाडू ठरला. अलाबामातील एका लष्करी तळावर, बस थांब्याच्या काळ्यांसाठी राखलेल्या भागात जाण्यास लुईने नकार दिला. तेव्हा लष्करी पोलिसांनी या जगज्जेत्याला धरून नेले. सैनिकांच्या करमणुकीसाठी त्याने सुमारे ९६ प्रदर्शनीय लढती केल्या.

पालकहो, आता या चरित्राचा दुःखद भाग. त्यासाठीच मी ही लेखणी हाती घेतली, असे म्हटले तरी चालेल.

लुईने आयुष्यात चाळीस लाख डॉलरांहून अधिक कमावले. त्यातला मोठा वाटा व्यवस्थापक व लढती भरवणारे यांच्याकडे गेला. उरलेल्यातून त्याने नातलगांना घरे घेऊन दिली, मित्रांच्या बुडीत धंद्यांत पैसे घातले, मागेल त्याला दिले, आणि ऐषआरामातही उडवले. सैन्यात पगार तुटपुंजा, म्हणून उसनवारी केली. कराचा हिशेब ना त्याने ठेवला, ना त्याच्यासाठी कोणी नीट ठेवला. ज्या कागदावर सही करीत होता तो तो वाचत नव्हता. १९५० च्या सुमारास सरकारने त्याच्याकडे पाच लाख डॉलरांहून अधिक कर मागितला आणि व्याज-दंडाने तो आकडा फुगतच गेला. लहानपणी सरकारी मदत परत करणारा हा प्रामाणिक माणूस सरकारचा कायमचा देणेकरी झाला. १९४९ साली निवृत्त झालेला लुई केवळ त्या देण्यापायी पुन्हा रिंगणात उतरला. १९५० मध्ये तो एझर्ड चार्ल्सशी हरला. २६ ऑक्टोबर १९५१ रोजी, वयाच्या ३७ व्या वर्षी, तरुण रॉकी मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत दोरांबाहेर फेकले. लहानपणापासून लुई हे मार्सियानोचे दैवत होते. जिंकल्यावर त्याला आनंद झाला नाही, तो रडला.

पुढे लुईने पोटासाठी कुस्त्यांचे देखावे केले. व्यसन जडले. मनाला भयगंड झाला आणि १९७० साली मनोरुग्णांच्या इस्पितळात राहावे लागले. अखेरीस लास वेगासच्या एका जुगारगृहात येणाऱ्या पाहुण्यांशी हस्तांदोलन करण्याची नोकरी त्याला मिळाली. हे सारे लपवून नुसता गौरव करणे मला जमत असते, पण ते आपल्या मुलांच्या उपयोगाचे नाही.

आता मूळ वादाकडे वळू. अली १९६४ साली जगज्जेता झाला, त्याने इस्लामचा मार्ग धरून नवे नाव घेतले आणि १९६७ साली व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात जाण्यास नकार दिला. लुईला हे पटले नाही. त्याने नावावरूनही टीका केली आणि सैन्यावरूनही. आपण तरुणपणी अलीला सहज हरवले असते, असेही तो सांगे. अलीनेही त्याला गोऱ्यांचा हुजऱ्या म्हणून हिणवले. जॅक जॉन्सनने लुईला पाण्यात पाहिले होते, तसेच लुईने अलीला पाहिले. मोठ्या पिढीला धाकटीची रीत कळली नाही आणि धाकटीला मोठीची किंमत कळली नाही. सुदैवाने पुढे दोघांत समेट झाला.

आता पाहा, दोघांनीही आपल्या उमेदीची वर्षे गमावली. लुई १९४२ ते १९४६ पर्यंत पदासाठी लढू शकला नाही, कारण त्याने गणवेश घातला. अली १९६७ ते १९७० पर्यंत लढू शकला नाही, कारण त्याने गणवेश घालायचे नाकारले. दोघांनी आपापल्या विवेकाला स्मरून किंमत मोजली. लुई गप्प राहिला म्हणून काळ्या खेळाडूसाठी दार पुन्हा उघडले, आणि ते उघडे राहिले म्हणून अलीला आत उभे राहून मोठ्याने बोलता आले. १९३५ साली लुई अलीसारखा बोलता, तर त्याला पदाची लढत मिळाली असती काय? आणि १९६७ साली अली लुईसारखा गप्प राहता, तर जगाने त्याची एवढी आठवण ठेवली असती काय? म्हणून मी मुलांना सांगितले, ठोसा कोणाचा जड याचा वाद जरूर घाला, त्यात मजा आहे. पण थोरवी मोजायची असेल, तर त्या माणसाच्या पाठीवर किती ओझे होते आणि ते घेऊन तो कुठवर चालला, हे आधी विचारा.

लुईचे १२ एप्रिल १९८१ रोजी लास वेगास येथे निधन झाले. आदल्याच दिवशी तो चाकांच्या खुर्चीत बसून हेवीवेट पदाची लढत पाहून आला होता. अमेरिकेच्या अध्यक्षांनी नियम शिथिल करून त्याला आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय सैनिकी दफनभूमीत जागा दिली. एके काळचा वैरी मॅक्स श्मेलिंग युद्धानंतर शीतपेयाच्या व्यवसायात सधन झाला होता. १९५४ साली तो मुद्दाम अमेरिकेत जाऊन लुईला भेटला आणि दोघांचा स्नेह जुळला तो अखेरपर्यंत. लुईच्या अंत्यविधीच्या खर्चालाही त्याने हातभार लावला.

विद्यार्थी मित्रांनो, मैदानावर जरूर जा. हरलात तर आपला कोणता हात खाली येतो ते शोधा. पण दप्तर मैदानाबाहेर ठेवून विसरू नका. लुईकडे बळ होते, संयम होता, दानत होती. नव्हती ती फक्त स्वतःचा कागद स्वतः वाचण्याची सवय. आणि पालकहो, मुलगा खेळात चमकतो म्हणून त्याची शाळा सोडवू नका, आणि अभ्यासात मागे आहे म्हणून त्याचा खेळही तोडू नका. व्हायोलिनचे पैसे व्यायामशाळेत गेले हे कळल्यावर त्या गरीब माउलीने मुलाला घराबाहेर काढले असते, तर हे चरित्र लिहायला काही उरलेच नसते.

नववीच्या मुलांचा वाद अजून चालूच आहे. मात्र आता त्यात तीन तट आहेत.